थेसालोनिकीतील स्वस्त गिरोस : विद्यार्थिनीने खावे का?

चिकित्सक : माझी पुतणी येत्या सत्रापासून ग्रीसमधील थेसालोनिकीच्या अॅरिस्टॉटल विद्यापीठात शिकणार आहे. परिसरातील पिता-गिरोसच्या (उभ्या फिरत्या सळईवर भाजलेले मांस, म्हणजे गिरोस, पिता नावाच्या चपट्या पावात गुंडाळून देतात, त्या खाण्याच्या) दुकानांपुढे विद्यार्थ्यांच्या रांगा लागतात, असे तिला कळले आहे. चार-पाच युरोंत पोटभर खाणे देणे दुकानदाराला परवडते कसे, आणि ते मांस निर्धास्तपणे खाण्याजोगे असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ती गोमांस खात नाही.

उदरभरण : ग्रीसमध्ये गिरोस मुख्यतः डुकराच्या मांसाचे आणि त्याखालोखाल कोंबडीचे असते, त्यामुळे गोमांसाची चिंता बव्हंशी मिटते, अमेरिकेत गोमांस व मेंढीच्या खिम्याचा जो गुळगुळीत गोळा फिरताना दिसतो, तो प्रकार निराळा. तरीही मागणी करण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे. स्वस्ताईचे गुपित पिता पाव उलगडून पाहिला की कळते, कारण मांसाच्या बरोबरीने त्यात तळलेले बटाटे कोंबलेले असतात आणि पोट खरे तर तेच भरतात. शिवाय वाढपी नाहीत, ताटे धुवायची नाहीत. कागदात गुंडाळून हातात दिले की व्यवहार संपला.

खमंग : पुतणीने दरफलकापेक्षा फिरणाऱ्या उभ्या सळईकडे लक्ष द्यावे. मसाला लावलेले मांसाचे काप सळईवर थरावर थर रचलेले असतात. आच बाहेरच्याच थराला लागते आणि वरची चरबी ओघळत खालच्या कापांना भिजवत राहते. आतला भाग कच्चा असतो व तो तसाच असायचा, म्हणून कडा तांबूस व कुरकुरीत झाल्यावर तेवढाच पापुद्रा उतरवायचा असतो. गर्दीच्या दुकानात मांस पडून राहत नाही हे खरे, परंतु रांग फार लांबली की सुरी घाईने खोलवर चालते, आणि अशा वेळी उतरवलेले काप तव्यावर पुन्हा परतले जातात की नाही, हे अवश्य पाहावे. खायला दिलेले कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापले पाहिजे. गुलाबी, लिबलिबीत तुकडा दिसला तर संकोच न करता परत करावा. याउलट सळई थंड पडलेली आणि तिच्याखाली आधीच उतरवलेल्या मांसाचा ढीग साचलेला दिसला, तर फुकट दिले तरी मी खाणार नाही.

उदरभरण : खमंग यांच्याशी सहमत आहे. सोबतची झाझिकी, म्हणजे दह्याची चटणीही, शीतपेटीतून काढलेली असावी, दिवसभर उघड्यावर ठेवलेली नसावी. तिच्यात कच्चा लसूण सढळ हाताने घालतात, तेव्हा वर्गात जाण्याआधी खाणार असल्यास ती वगळायला सांगावे. शेजारी बसणारे दुवा देतील.

चिकित्सक : मनःपूर्वक आभार. कोंबडी आणि डुकराचे मांस यांपैकी आपण कशाची निवड कराल?

खमंग : डुकराचे. तेथे त्याचा खप अधिक असतो, त्यामुळे ती सळई लवकर संपते.