हॉस्पिटलांचे आकडे जाहीर केले तर अवघड पेशंटला कोण घेणार?

हल्ली सगळीकडे ऐकतोय की उपचारांची ‘व्हॅल्यू’ मोजा, म्हणजे पेशंट किती बरा झाला आणि त्याला खर्च किती आला ते बघा, आकडे लोकांसमोर ठेवा, मग स्पर्धेमुळे हॉस्पिटलं सुधारतीलच. पटतं पण. तरी माझ्या काकांचं आठवतं, वय ७८, डायबिटीस, किडनी अर्धीच चालणारी, बायपास सांगितलेली, सर्जनने फाईल चाळली, क्रिएटिनिनच्या (किडनी किती चालते ते सांगणाऱ्या) रिपोर्टवर बोट ठेवलं आणि म्हणाला दुसरीकडे दाखवा. काकांच्या जिवाला धोका म्हणून की स्वतःचा रेकॉर्ड बिघडेल म्हणून, ते आम्हाला आजवर कळलं नाही. असा संशय घेणं चुकीचं आहे का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. न्यूयॉर्क राज्याने १९९० पासून बायपासचे मृत्यूदर हॉस्पिटलवार आणि नंतर सर्जनवार जाहीर केले, मृत्यूदर खाली आलाही, पण २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की तिथे आणि असेच आकडे जाहीर करणाऱ्या पेनसिल्व्हेनियात जास्त आजारी पेशंट टाळले जात होते आणि त्यांचेच हाल वाढले. वय, किडनी वगैरे हिशोबात धरतात हो, पण सर्जनला समोर दिसतं ते सगळं फॉर्ममध्ये कुठे मावतं?

प्रतिसाद २
मी वॉर्डात नर्स आहे. ३० दिवसांत पेशंट परत अ‍ॅडमिट झाला की आकडा बिघडतो, म्हणून २८व्या दिवशी धापा टाकत आलेल्या आजींना अ‍ॅडमिट न दाखवता नुसतं ‘ऑब्झर्वेशन’ म्हणून रात्रभर स्ट्रेचरवर ठेवलेलं मी बघितलंय. त्यांच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलत होते मी, ते कुठल्या रकान्यात लिहू? मला खूप राग येतो याचा.

प्रतिसाद ३
ताई, राग रास्तच आहे, पण मोजायचंच नाही हेही अन्यायाचंच. पैसा मर्यादित आहे, न मोजता वाटला तर ज्याची ओळख त्याला मिळतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने कुठल्या उपचारांवर पैसा घालावा ते सांगणारी नाइस ही संस्था उपचाराने मिळणाऱ्या एका निरोगी वर्षामागे बरीच वर्षं २० ते ३० हजार पौंड ही खर्चाची मर्यादा धरत होती, निदान निकष उघड आहे, त्यावर भांडता येतं. अपंग माणसाचं वाचलेलं वर्ष यात कमी भरतं, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सर्जनवार यादी मी बंदच करेन, आकडे टीमला दाखवा, आणि किती पेशंट नाकारले आणि का, तेही नोंदवायला लावा.

मूळ प्रश्नकर्ता
नाकारलेल्यांची नोंद, हे पटलं. काकांच्या फाईलवर तसं काहीच लिहिलं नव्हतं.