बायोस अपडेटनंतर ग्रबचा मेनू गायब, थेट विंडोज सुरू होतं

दोन_बूट
एकाच एनव्हीएमई एसएसडीवर विंडोज ११ आणि उबुंटू २२.०४ आहे. बायोस अपडेट केल्यापासून ग्रबचा (कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा) मेनू येतच नाही, सरळ विंडोज. डिस्क मॅनेजमेंटमध्ये उबुंटूचं पार्टिशन दिसतंय. परत इन्स्टॉल करावं लागेल का? बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू आहे.

ग्रबवाले काका
परत इन्स्टॉल मुळीच करू नका. ग्रबच्या फाइली ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कवरच्या बूटच्या छोट्या भागात) असतात, पण कुठली फाइल आधी चालवायची ही नोंद मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत). बायोस अपडेटमध्ये कधीकधी नोंद पुसली जाते, फाइली तशाच राहतात.

आधी मशीन चालू करताना एफ१२ (डेल, लेनोवो) किंवा एफ९ (एचपी) दाबा. यादीत ‘उबुंटू’ दिसलं तर बायोसमध्ये ते वर सरकवा, संपलं काम.

नसेल तर उबुंटूचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह लावा. तो यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोस) मोडमध्येच सुरू व्हायला हवा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर दिसत नसेल तर तुम्ही लेगसी (जुन्या) मोडमध्ये आहात, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग ‘एलएसबीएलके -एफ’ चालवून व्हीफॅट पार्टिशन शोधा, बहुधा १०० एमबीच्या आसपासचं. ते माउंट करून (जोडून) आत ईएफआय/उबुंटू/शिमएक्स६४.ईएफआय आहे का बघा. असेल तर सुडोने ‘ईएफआयबूटएमजीआर -सी’ ही बूटची नोंद घालणारी कमांड चालवा (सी, डी, पी लहान अक्षरात): -डी पुढे डिस्क, -पी पुढे पार्टिशनचा क्रमांक, मोठ्या एलपुढे नाव, लहान एलपुढे त्या फाइलचा पत्ता. पत्त्यात उलट्या तिरक्या रेघा, आणि तो एकेरी अवतरणात, नाहीतर शेल त्या गिळतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या फाइली चालू देणारी सोय) चालू असेल तर शिमच (ग्रबला सुरू करणारी सही असलेली ती फाइल) द्या, थेट ग्रबची फाइल नको.

फाइलच नसेल तरच माउंट, सीएचरूट (लाइव्हमधून डिस्कवरच्या उबुंटूत शिरणं) आणि ग्रब-इन्स्टॉलचा घाट घाला. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नका, विंडोजचा बूटलोडरही तिथेच आहे.

की_आधी
थांबा, बिटलॉकर चालू आहे ना? बायोसला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट बंद केलं की ती हमखास मागितली जाते. ग्रबमधून विंडोज उघडलं तरी टीपीएमला (किल्ली सांभाळणाऱ्या चिपला) बूटची साखळी बदललेली दिसते, तेव्हाही मागू शकते. म्हणून अशा मशीनवर विंडोज एफ१२ च्या यादीतूनच सुरू केलेलं बरं.

मेनूऐवजी ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असं येऊन मशीन बंद पडत असेल तर दुखणं वेगळं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने शिम नाकारले होते, तिथे नोंद नव्याने घालून काही होत नाही.

दोन_बूट
की उतरवून घेतली. शिमची फाइल होती, नोंद घातली, मेनू आला. पण उबुंटूत जाऊन अपडेट-ग्रब चालवलं आणि मेनूतून विंडोजच गेलं!

ग्रबवाले काका
ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टीम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ घाला, सगळी अक्षरं मोठी, फक्त ‘फॉल्स’ लहान. ओएस-प्रोबर पॅकेज आहे ना तेही बघा. मग पुन्हा सुडोने अपडेट-ग्रब. ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ ही ओळ टर्मिनलवर दिसली की झालं.