१ किलोवॅटची पवनचक्की, हातात येतात दीडशे वॅट. पाती लांब करू का?

डोंगरवारा
नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात, वनकुसवड्याच्या पठाराखालच्या उतारावर आमचं घर. वर मोठ्या पवनचक्क्यांची रांग दिसते, त्या बघून मलाही हौस आली. गेल्या वर्षी छोटी चक्की घेतली: तीन पाती, व्यास २ मीटर, २४ व्होल्ट. गोठ्याच्या स्लॅबवर १२ फुटी पाइप रोवून बसवली. बॅटऱ्या घरात, ३० मीटर लांब. जुलैत वारा असा की पत्रे रात्रभर वाजतात, पण मीटर ६ अँपिअरपुढे सरकत नाही. आणि चक्की सारखी तोंड फिरवते, पंगतीत जागा शोधणाऱ्या पाहुण्यासारखी. विकणारा म्हणतो, ८ हजार द्या, पाती लांब करून देतो. करू का?

जुना_फिटर
थांबा, पैसे देऊ नका. पठारावरच्या चक्क्यांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सांगतो. चक्की तोंड फिरवते म्हणजे तिला सरळ वारा मिळतच नाही. घर आणि झाडांवर आपटून भोवरे झालेला वारा मिळतोय. पत्रे वाजतात तेही त्यामुळेच.

चक्कीच्या प्लेटवर लिहिलेले १ किलोवॅट बहुतेक वेळा सेकंदाला १२ मीटर वाऱ्याचे असतात, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग निम्मा झाला, ६ मीटर, की हाती आठवा हिस्सा: १२५ वॅट. तुमचे दीडशे त्यातलेच. उलट ४ चे ५ मीटर झाले तरी ताकद जवळपास दुप्पट. म्हणून पैसा खांबात घाला. आसपास तीनशे फुटांत जे सगळ्यात उंच असेल, त्याच्या ३० फूट वर पात्याचं खालचं टोक हवं. तुमच्या १२ फुटांनी काय होणार?

जागा शोधायला खर्च नाही. लांब बांबूला दर चार-पाच फुटांवर जुन्या साडीच्या चिंध्या बांधा आणि वाऱ्याच्या दिवशी उभा करून बघा. जिथे चिंधी फडफडते तिथे भोवरा, जिथे ताठ आडवी राहते तिथे खरा वारा.

त्याआधी एक काम: चक्की फिरत असताना खांबाजवळ रेक्टिफायरच्या (चक्कीच्या एसीचं डीसी करणाऱ्या डबीच्या) तोंडाशी आणि बॅटरीशी व्होल्टेज मोजा. वायर किती स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) आहे?

देवगडकर
फिटरकाका बरोबर बोलतायत. व्यास २ चा २.४ केलात तर क्षेत्रफळ ४४ टक्के वाढेल खरं, पण फेरे कमी होतात आणि वादळात जनरेटरवर जो भार येतो त्याने कॉइल जळते. माझी जळली. वर आमच्याकडे खारा वारा, बेअरिंग दोन वर्षंही टिकत नाही.

सोलर प्लेटा त्याच बॅटरीला आहेत का? बॅटरी भरली की कंट्रोलर चक्कीची वीज डम्प लोडवर, म्हणजे जास्तीची वीज जाळणाऱ्या हीटरवर टाकतो, आणि आपण उगाच चक्कीला शिव्या घालतो.

डोंगरवारा
सोलर आहे, पण पावसाळ्यात बॅटरी भरतेच कुठे! वायर अडीच स्क्वेअर. मोजलं: ६ अँपिअरला खांबाशी २८.१, बॅटरीशी २५.४. चिंध्यांचंही केलं, गावातली पोरं हसली. गोठ्यावर सगळ्या चिंध्या वेड्यासारख्या फिरत होत्या. मागच्या माळावर मात्र १५ फुटांवरच्या तिन्ही ताठ! पण माळ घरापासून ७० मीटर.

जुना_फिटर
म्हणजे २.७ व्होल्ट, १६ वॅट वायरमध्येच गेले. हे ६ अँपिअरला. २० अँपिअर आले तर याच वायरमध्ये पावणेदोनशे वॅट जळतील, नुकसान करंटच्या वर्गाने वाढतं. ७० मीटरला २४ व्होल्टचा नाद सोडा, ४८ व्होल्टच्या वाइंडिंगचं बघा. करंट निम्मा, नुकसान पाव. जाड तांब्याच्या किमती विचारल्यात की पटेल.

खांब झुकवून खाली घेता येईल असाच करा, ताणाच्या तारा चार बाजूंनी. उतरवण्याआधी चक्कीच्या तिन्ही वायरी एकत्र जोडून ब्रेक लावा. फिरत्या चक्कीची बॅटरी कधीच सोडू नका, भार गेला की चक्की बेफाम फिरत सुटते. आणि हे सगळं पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. आत्ता जुलैत वर चढू नका.

डोंगरवारा
८ हजार वाचले, काका. वायरमन लोक ताणाच्या तारेला १२ एमएम सांगतायत, चालेल का?