छोट्या अणुभट्ट्या: आधी कारखाना की आधी ऑर्डर?

आडवाट
३०० मेगावॅटपर्यंतच्या छोट्या मॉड्युलर (म्हणजे तयार भाग आणून साइटवर जोडायच्या) अणुभट्ट्यांबद्दल हल्ली जे लिहून येतं, त्यातला एक दावा काही केल्या पटत नाही. म्हणे कारखान्यात बनवल्या की स्वस्त पडतील. नुसत्या कारखान्याने काहीच स्वस्त होत नाही. एकाच नमुन्याची मागणी वर्षानुवर्षं येत राहिली तर होतं. ती मागणी कुठे आहे?

अमेरिकेतल्या न्यूस्केल कंपनीचं बघा. आयडाहोत ७७ मेगावॅटची सहा मॉड्यूल, म्हणजे सहा छोट्या भट्ट्या, बसणार होती. विजेचा अंदाजित दर मेगावॅट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला, तोही सरकारी सवलत धरून. वीज घेणारे पुरेसे मिळेनात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

भट्ट्या मोठ्या होत गेल्या त्या हौसेने नाही. क्षमता चौपट केली तरी पोलाद, कंट्रोल रूम, पहारा चौपट लागत नाही. हा फायदा आता सोडायचा आणि तूट नगांच्या संख्येने भरून काढायची. म्हणजे किती नग? इथे सगळी माहितीपत्रकं गप्प.

सुरवंट
मोठ्यांचं कौतुक पुरे झालं हो. फिनलंडच्या ओल्किलुओतो-३ चं काम २००५ मध्ये सुरू झालं, नियमित वीज २०२३ मध्ये. फ्रान्सची फ्लामाँव्हिल-३ तर २००७ पासून रखडली, ती डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली. एवढी वर्षं कर्जाचं व्याज चालूच. छोट्या भट्टीचा खरा मुद्दा अडकणारा पैसा हा आहे. एक बसवा, तिची वीज विकायला लागा, मग दुसरीचं बघा.

आणि मोठ्या प्रेशर व्हेसलची (भट्टीचा गाभा ज्यात बसतो त्या जाड पोलादी भांड्याची) फोर्जिंग्ज, म्हणजे ठोकून घडवलेले अवजड भाग, करू शकणारे जगात मोजकेच. तिथल्या रांगेत उभं राहण्यापेक्षा व्हेसलच लहान केलेली काय वाईट?

आकडेमोड
कॅनडात डार्लिंग्टनला ३०० मेगावॅटच्या चार होणार आहेत. बजेट २०.९ अब्ज कॅनेडियन डॉलर. १,२०० मेगावॅटला! याला कमी पैसा अडकणं म्हणतात?

सुरवंट
अर्धाच आकडा दिलात. पहिलीला ६.१ अब्ज आणि चौघींच्या सामायिक कामांना १.६ अब्ज. उरलेल्या तिघींना सरासरी ४.४ येतात. खर्च उतरतोय की नाही?

आकडेमोड
बजेटात उतरतोय. तिथे सगळ्यांचाच उतरतो.

ठिणगी
मी प्रेशर व्हेसलच्या शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमचं काम रिफायनरीचं, अणुचं नाही, पण जोड ते जोडच. शॉपमध्ये जॉब (जोडायची वस्तू) रोटेटरवर फिरतो आणि वेल्डर एका जागी बसून सरळ हाताने वेल्ड टाकतो. साइटवर वेल्डरलाच जॉबभोवती फिरावं लागतं. कधी आडवं पडून, कधी डोक्यावर हात करून. वारा सुटला की ताडपत्री धरायला माणूस लागतो. रेडिओग्राफीत (जोडाच्या एक्स-रेत) दोष दिसला की तेवढा भाग खोदायचा, पुन्हा धातू तापवायचा, पुन्हा वेल्डचे थर, पुन्हा फिल्म. साइटवर हा सगळा वेळ मागची बाकी कामं अडून बसतात. त्यामुळे कारखान्याचा फायदा आहे, आडवाट, तो उडवून लावू नका.

शिवाय २०२४ मध्ये ब्रिटनच्या शेफील्ड फोर्जमास्टर्स कंपनीने छोट्या भट्टीच्या मापाच्या व्हेसलचे चार जाड जोड इलेक्ट्रॉन बीमने २४ तासांच्या आत केले. नेहमीच्या पद्धतीने त्याला वर्षभर लागतं. असलं यंत्र उघड्यावर साइटला नेऊन भागत नाही.

पण तुमचाही मुद्दा आहेच. असं यंत्र वर्षाला दोन व्हेसलसाठी घेतलं तर त्याचा हप्ता त्या दोघींच्याच अंगावर बसणार.

आडवाट
तेच म्हणतोय! आणि हे आधी करून झालंय. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या व्होगल अणुवीज केंद्राच्या दोन भट्ट्या मोठ्या होत्या, पण बांधणी मॉड्युलरच. इथे मॉड्यूल म्हणजे बांधकामाचा एक भाग, अशा एकाचे ७० हून जास्त तुकडे. लुइझियानातल्या लेक चार्ल्सच्या कारखान्यात काम चाले. तुकडे उशिरा आले, वेल्ड आणि कागदपत्रं दोन्हींत दुरुस्त्या निघाल्या, शेवटी जुळवणीचं बरंच काम साइटवरच झालं. सुमारे १४ अब्ज डॉलरचं काम ३० अब्जांच्या पुढे गेलं. मधल्या काळात, २०१७ मध्ये, भट्ट्यांचं डिझाइन करणाऱ्या वेस्टिंगहाउसने दिवाळखोरी जाहीर केली. कारखान्यातली चूक एका जागी राहत नाही, पुढच्या प्रत्येक नगात उतरते.

ठिणगी
यात थोडी भर. ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आत कटिंग सुरू केलं की असंच होणार, मग शॉप कितीही चांगलं असो. रिव्हिजन आली की कापलेली प्लेट स्क्रॅपला.

पाणघोडा
रशियाची अकादेमिक लोमोनोसोव तर चक्क गोदीत बांधली. ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या, तरंगत्या. २००७ ला सुरुवात, व्यावसायिक वीज २०२० मध्ये. तेरा वर्षं! आता इथे साइटला दोष द्या बघू.

सुरवंट
एकच नग बांधला की असंच होणार, हे तर आडवाटही म्हणतायत. मालिका हवी. दक्षिण कोरियाने एकच नमुना धरून भट्ट्या बांधल्या आणि खर्च आटोक्यात ठेवला. अमेरिकेत दर वेळी नवं डिझाइन, तिथे चढतच गेला. पहिल्या दहा नगांचा तोटा सरकारांनी सोसावा, सौर पॅनेलचा सोसलाच की.

आडवाट
सौर पॅनेलचे नग कोट्यवधींनी निघाले, तेव्हा दर उतरले. इथे तुम्ही दहा म्हणताय, आणि तेही वेगवेगळ्या कंपन्यांच्या डझनावारी डिझाइन्समध्ये वाटले जाणार. सरकारने पैसा ओतायचाच तर एकच डिझाइन निवडावं आणि बाकीच्यांना सरळ नाही म्हणावं. तसं म्हणायची तयारी कोणाची दिसत नाही.

सुरवंट
इतक्यात एकच निवडलं आणि ते फसलं, तर मग?

आकडेमोड
डार्लिंग्टनची दुसरी भट्टी प्रत्यक्षात केवढ्याला पडली ते कळलं की धागा वर काढा. तोवर माझा पास.