मदत हवी आहे: नवऱ्यांना एचआयव्ही टेस्टसाठी कसं तयार करायचं?

नमस्कार, मी नाशकात अंबडच्या बाजूला आशाचं काम करते. गरोदर बाईची एचआयव्ही टेस्ट होते पण नवरा गेटबाहेर गाडीवर बसून मोबाईल बघत राहतो, आत या म्हटलं की "तिची निगेटिव्ह आली ना, मग माझी कशाला". अहो पण तिची निगेटिव्ह म्हणजे त्याची निगेटिव्ह असं नसतं ना, आणि त्याच्याकडून तिला गरोदरपणात नाहीतर अंगावर पाजताना लागण झाली तर तेव्हा तिच्या रक्तात व्हायरस खूप जास्त असतो, बाळाला धोका तेव्हाच मोठा. जिची पॉझिटिव्ह येते ती सासूच्या भीतीने गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते, मग डोस चुकतात. उपचार नसेल तर 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते, गोळ्या नीट घेतल्या तर 5 पेक्षा कमी, म्हणजे नवऱ्याने नुसती साथ दिली तरी केवढा फरक पडतो बघा!

एमआयडीसीत शिफ्टवाले आहेत, सुट्टी मिळत नाही हे पण खरंय. 1097 हेल्पलाईनचा नंबर देते मी. पण घरात कुणाला कळू न देता नवऱ्याला एकट्याला कसं गाठायचं? पुरुष समुपदेशक बोलले तर ऐकतात का? कुणी करून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.