चेक-इनची तारीख एक दिवस मागे का पडते?

मालवणी_कोडर: घरच्या होमस्टेसाठी जावास्क्रिप्टमध्ये बुकिंगचं पान केलंय. पाहुणा कॅलेंडरात २५ डिसेंबर निवडतो आणि डेटाबेसात २४ पडतं, त्यामुळे परवा एका कुटुंबाची खोली त्याच दिवशी दुसऱ्याला दिली गेली, आईला फार वाईट वाटलं ओ. मी डेट ऑब्जेक्टवर टूआयएसओस्ट्रिंग (तारखेचा मजकूर करून देणारं फंक्शन) लावून पहिली १० अक्षरं घेतो, बस. चुकतंय कुठे?

रत्नागिरीवाला: तिथेच. टूआयएसओस्ट्रिंग कायम यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितं आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे इथली २५ची मध्यरात्र तिकडे २४ची संध्याकाळ साडेसहा. गेटफुलइयर, गेटमंथ, गेटडेट इथल्या वेळेनुसार देतात, ते घेऊन स्ट्रिंग (मजकूर) जोड. गेटमंथमध्ये १ मिळव, जानेवारी तिथे ० असतो.

देवगडची: मी तर म्हणेन चेक-इन ही वेळ नाहीच, नुसती तारीख आहे, साधी स्ट्रिंग म्हणूनच साठव. '२०२५-१२-२५' नुसतं न्यू डेटला दिलंस तर ते यूटीसीची मध्यरात्र धरतं, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच म्हणून कळत नाही पण न्यूयॉर्कमधून बघणाऱ्याला २४ दिसतं. स्कूबाची बोट सुटायची वेळ मात्र यूटीसीत ठेव आणि दाखवताना टूलोकेलस्ट्रिंगला टाइमझोन एशिया/कोलकाता दे, पाहुणा दुबईत असला तरी बोट मालवणच्याच घड्याळाने सुटणार ना.

मालवणी_कोडर: स्ट्रिंग ठेवली, २५ बरोबर पडतंय. आता जुनी बुकिंगं एकेक फोन करून तपासतोय.