फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेलाय, पाण्याचा ठसका लागतो. अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

बाबा 67 वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पाच आठवड्यांपूर्वी गाठीमुळे त्यांच्या डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. जखम भरलीय, भूकही लागते. पण शुद्धीवर आल्यापासून आवाज नाही. भुलीच्या नळीने घसा सुजला असेल म्हणून दोन दिवस सोडून दिलं. पाचव्या दिवशीही तोंडातून नुसती हवाच. मग ईएनटीच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं, उजवा स्वरतंतू हलतोय आणि डावा निपचित.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. डाव्या स्वरतंतूची नस आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि मग वर घशाकडे जाते. तिथल्याच लिम्फच्या गाठी काढताना ती दुखावली असावी. संमतीपत्रात हे लिहिलेलं होतं, पण सही करताना आमचं सगळं लक्ष कॅन्सरकडे होतं.

भरल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचणारा आवाज होता हो त्यांचा. आता आईला हाक मारायला स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात.

जास्त काळजी ठसक्याची आहे. भात-वरण, शिरा नीट जातं, साधं पाणी मात्र चुकीच्या वाटेने उतरतं. स्वरतंतू मिटत नसल्यामुळे खोकल्यालाही जोर नाही आणि कफ सुटत नाही. उरलेल्या फुफ्फुसाला न्यूमोनिया परवडणारा नाही. सध्या हनुवटी छातीकडे घेऊन, छोटे घोट देतो. पाणी घट्ट करायची पावडरही आणलीय, पण बाबा ते प्यायला तयारच होत नाहीत.

नस नुसती ताणली गेली असेल तर आवाज काही महिन्यांत परत येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणतात. तोवर स्वरतंतूत फिलरचं इंजेक्शन देऊन तो मध्यभागी सरकवता येतो, त्याचा परिणाम काही महिने टिकतो. वर्षभरात सुधारणा नाहीच झाली तर थायरोप्लास्टी, म्हणजे गळ्यावर छेद घेऊन स्वरतंतू कायमचा मध्यभागी सरकवायचं ऑपरेशन.

इथे कुणाच्या घरी हे इंजेक्शन लवकर घेतलंय का? आवाजापेक्षा मला हे विचारायचंय की ठसका आणि खोकला किती सुधारला? पूर्ण भूल न देता, बसवून देतात म्हणे, वयस्कर माणसाला झेपतं का? आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणारे, मराठी बोलणारे स्पीच थेरपिस्ट नाशिकच्या आसपास कुणाला माहीत असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. गुरुवारी ईएनटीकडे जायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.